आधी माझ्याकडे बघ

मार्चमधल्या एका मंगळवारी पहाटे चार चाळीसला मी ९११ला, म्हणजे अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या नंबराला, फोन केला. फार तर दोन मिनिटं बोलले असेन. पण लॅबमध्ये नमुने लावताना, घरी कणीक मळताना तो फोन मध्येच आठवतो आणि हात थांबतो. हॉस्पिटलमधली रात्रपाळी साडेचारला संपली की घरी जाताना वाटेत एका डोनटच्या दुकानात थांबायचं, ही माझी अकरा वर्षांची सवय. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला एकमेकांना चिकटून जी लहान गावं आहेत, त्यांतल्या एका गावात, एका जुन्या स्ट्रिप मॉलच्या टोकाला ते दुकान आहे. शेजारी लाँड्री, मग नखांचं पार्लर, मग दातांचा डॉक्टर. त्या वेळी बाकी सगळी दारं काळोखात असतात आणि हे एकच दुकान ट्यूबलाइटच्या उजेडात उघडं असतं. त्या पहाटे मी कॉफी ओतून घेत होते. दार धाडकन उघडलं आणि एक माणूस आत आला. अंगावर राखाडी ब्लँकेट, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. आल्या आल्या त्यानं काचेच्या कपाटावर तळहातानं दोनदा मारलं आणि ओरडायला लागला, “कुठे नेलंत ते? कुठे नेलंत?” दुकानाची मालकीण पिठाच्या हातांनीच काउंटरच्या बाहेर यायला निघाली. ती जेमतेम पाच फूट उंचीची, साठीची बाई. मी दुधाच्या फ्रिजच्या आडोशाला सरकले आणि नंबर लावला.

पोलीस येईपर्यंत तो माणूस शेवटच्या खुर्चीवर बसला होता. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरलेला, समोर कागदावर अर्धा खाल्लेला बटरमिल्क बार, म्हणजे ताक घालून केलेला लांबट डोनट. त्याचं म्हणणं काय होतं ते मला नंतर कळलं. बटरमिल्क बारचा ट्रे रोज खालच्या फळीवर असतो, तो त्या दिवशी वरच्या फळीवर गेला होता. एवढंच. दोघं तरुण पोलीस आत आले, त्याला बाहेर चलायला सांगितलं, फुटपाथच्या कडेला बसवलं. तोंडावर टॉर्चचा उजेड, नाव काय, कागदपत्रं आहेत का, झोपतोस कुठे. कुणी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. सगळं रीतीनं चाललं होतं. पंधरा मिनिटांनी त्याला जा म्हणाले आणि तो लाँड्रीच्या मागच्या बोळात निघून गेला. ब्लँकेट फुटपाथवरच राहिलं. मालकिणीनं बाहेर जाऊन ते उचललं, झटकलं, घडी घातली आणि पिठाच्या पोत्यांवर ठेवलं. मग माझे सहा डोनट गुलाबी खोक्यात भरले आणि नेहमीसारखा सातवा जास्तीचा टाकला. मला एका शब्दानं काही बोलली नाही.

त्या दिवसापासून तो माणूस दुकानात आलेला नाही.

तिला सगळे मिंग म्हणतात. ख्मेर भाषेत मिंग म्हणजे मावशी किंवा आत्या, आईवडलांपेक्षा वयानं लहान असेल ती. मी तिला पहिले काही महिने ‘मॅम’ म्हणत होते. मग एकदा तिच्या भाचीनं अर्थ सांगितला आणि मला वाटलं, हे तर आपलंच झालं. आपणही भाजीवालीला मावशी म्हणतो, ओळख नंतर होते. मिंग लहानपणी आईचा हात धरून कंबोडियातून चालत थायलंडच्या सरहद्दीवर आली होती. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेनं राजधानी नॉम पेन्ह घेतली, त्यानंतरच्या चार वर्षांत तिकडे सतरा-वीस लाख माणसं गेली. तिच्या घरातली किती, ते मी विचारलेलं नाही. एकदा फक्त म्हणाली होती, “आम्ही सात होतो, इथे तिघं आलो.” आणि तळणीकडे वळली होती.

दक्षिण कॅलिफोर्नियातली एकेकट्या मालकाची डोनटची दुकानं बहुतेक कंबोडियन माणसांची का, याची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. टेड न्गॉय नावाचा माणूस १९७५ला निर्वासित म्हणून आला, चर्चमध्ये साफसफाई करायचा, रात्री पेट्रोलपंपावर काम करायचा. पंपाजवळच्या दुकानातला डोनट त्यानं खाल्ला आणि त्याला घरची नॉम काँग आठवली. तांदळाच्या पिठाचं कडं, तेलात तळलेलं, वरून ताडाच्या गुळाचा पाक. मिंगनं मला ती एकदा नववर्षाला करून दिली होती. एक घास घेतला आणि मला अनारशाची आठवण झाली. तेच तांदूळ, तोच गुळाचा करपट गोडवा. न्गॉयनं मोठ्या साखळी दुकानात काम शिकून १९७७ला ला हाब्रा गावात स्वतःचं दुकान घेतलं आणि मग एकेक करून मागून आलेल्या आपल्या माणसांना दुकानं लावून दिली. पुढे जुगारात सगळं घालवलंही. पण दुकानं राहिली, कारण ती चालवायला इंग्रजी थोडं लागतं आणि जागरण फार लागतं. गुलाबी खोकीही त्याच लोकांमुळे रूढ झाली. पांढऱ्यापेक्षा गुलाबी पुठ्ठा स्वस्त पडायचा, आणि पांढरा तर त्यांच्याकडेही सुतकाचा रंग.

मिंग रात्री एकला दुकानात येते. मी एकदा सुट्टीच्या रात्री मुद्दाम दोन वाजता गेले होते, तिनं मागच्या दारानं आत घेतलं. फुगलेली कणकेची कडी जाळीवर घालून ती तेलात सोडते. हातात झारा नसतो, बोटाएवढ्या जाडीच्या दोन लांब लाकडी काठ्या असतात. काठीच्या टोकानं कडं कडेला किंचित दाबलं की ते आपोआप उलटतं. एकेक करत चोवीस कडी, एका दमात, मान वर न करता. दोन्ही बाजू तळल्या की कड्याच्या कडेला मधोमध एक फिकट पट्टा राहतो, तो राहिला म्हणजे कणीक नीट फुगली होती. मग साखरेचा पाक वरून ओतायचा आणि ताट तिरकं करायचं. निवताना पाकाला बारीक तडे जातात. मी त्या रात्री तासभर बसले होते आणि त्या तासात तिनं पाच वेळा मागे न बघता पुढच्या काचेकडे नजर टाकली. कुणी आलं नव्हतं. एक ट्रक वळला, एक मुलगा सायकलवरून गेला, कचऱ्याची गाडी आली. प्रत्येकाबद्दल तिला काहीतरी माहीत होतं. सायकलवाला मुलगा आज लवकर आहे, म्हणजे त्याच्या आईची डायलिसिसची पाळी आहे. ट्रकवाला नवा आहे, जुन्याची पाठ दुखतेय.

मला हे सांगायचंय ते यासाठी की आमच्या गावात रात्री एक ते पाच या वेळात जागी असलेली आणि सगळ्यांना ओळखणारी अशी दुसरी कोण आहे? मी तरी कुणी पाहिलेली नाही.

पोलीस म्हटला की डोनटच्या दुकानात बसलेला, असे विनोद इथे फार होतात. मला ते कधी फार हसू आणणारे वाटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत गस्त बहुतेक गाडीतूनच होऊ लागली, रात्री सगळं बंद आणि बसून रिपोर्ट लिहायला उजेड हवा, फोन हवा, संडास हवा, गरम काहीतरी हवं. पहाटेच्या गिऱ्हाइकासाठी मध्यरात्रीपासून तळायला बसणारी दुकानं ही डोनटचीच. दुकानदारालाही ते बरं होतं, दाराशी पोलिसाची गाडी उभी असली की गल्ल्याकडे कुणी बघत नाही. हे नातं कुठे कुठे फारच घट्ट झालं. कॅनडात हॅमिल्टन शहरात १९६४ला टिम हॉर्टन्स या डोनटच्या साखळीचं पहिलं दुकान निघालं आणि पुढच्याच वर्षी ते चालवायला घेतलं रॉन जॉइस या तिथल्याच पोलिसानं. मिशिगनमधल्या क्लेअर नावाच्या गावात १८९६पासूनची बेकरी २००९ साली बंद पडायला आली, तेव्हा गावातल्या सगळ्या पोलिसांनी, सगळे मिळून नऊ जण होते, ती विकत घेतली.

मिंगच्या दुकानात कोपऱ्यातली एक खुर्ची अशीच एका सार्जंटची होती. मी यायला लागले तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले होते. भिंतीकडे पाठ, दाराकडे तोंड, पुढ्यात काळी कॉफी, आणि तो फॉर्म भरत बसलेला. मिंगचा मुलगा लहान असताना मागे पिठाच्या पोत्यांवर झोपायचा, शाळेच्या आधी उठला की याच सार्जंटच्या टेबलावर भागाकार सोडवायचा. ब्लँकेटवाल्या माणसाला सार्जंट नावानं हाक मारायचा. त्या ब्लँकेटवाल्याचं नाव मला त्या मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं, तीन-चार वर्षं एकाच खोलीत कॉफी पिऊनसुद्धा. सार्जंट निवृत्त झाला, मुलाकडे ॲरिझोनाला गेला. आता रिपोर्ट गाडीतल्या स्क्रीनवरच टाइप होतात आणि कॉफी चोवीस तास कुठल्याही पंपावर मिळते. नवे पोलीस वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी ब्लँकेटवाल्याला विचारलेला एकही प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो कोण आहे, हे त्यांना पहिल्यांदा टॉर्चच्या उजेडात विचारावं लागलं.

मला मिरज आठवते. १९८४-८५ असेल. मी आणि आई आजोळहून, सांगोल्याहून, छोट्या गाडीनं येत होतो. गाडी दहाला पोचायची ती रात्री दीडला पोचली. बाबा मुंबईला नोकरीला, न्यायला येणारं कुणी नाही. स्टेशनाबाहेर एकही टांगा नव्हता. आईच्या हातात ट्रंक, माझ्या हातात पितळी डबा. समोर अण्णांचा चहाचा गाडा, त्यावर पेट्रोमॅक्स फुरफुरत होता. आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो तर अण्णा म्हणाले, “वैनी, हितंच बसा. उजाडल्याबिगर कुठं जाऊ नगा.” त्यांनी बाकड्यावरचे दोघं उठवले. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला हवालदार होता, टोपी मांडीवर, बशीत चहा. मध्येच एक झिंगलेला माणूस येऊन आईच्या अगदी जवळ उभा राहिला. आईनं मला पदराखाली ओढलं, ते मला आजही अंगाला जाणवतं. हवालदार बशी खाली ठेवत होता, तेवढ्यात अण्णा त्या माणसाला नाव घेऊन म्हणाले, “जा की घरला, म्हातारी जागी आसंल.” तो खरंच गेला. हवालदारानं बशी पुन्हा तोंडाला लावली.

हवालदारानं चहाचे पैसे दिले नाहीत, हे मी पाहिलं होतं. सकाळी टांग्यात आईला विचारलं तर ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “अण्णा चहा पाजतात म्हणून तो तिथं बसतो, आणि तो बसला होता म्हणून आपण बसू शकलो.” एवढंच बोलली, बरं म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही. तो फुकट चहा माया होती की दंड होता, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. गाडा रस्त्यावर होता, उठवायचा अधिकार हवालदाराच्या हातात होता, हे मला मोठेपणी कळलं. इथेही बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी फुकट काही घ्यायचं नाही असे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. ज्याच्याकडून कॉफी मिळते त्याच्या दारात गाडी जास्त वेळ थांबली, तर पलीकडच्या लाँड्रीवाल्यानं काय करायचं? सार्जंट मात्र प्रत्येक वेळी कपाखाली एक डॉलर ठेवून जायचा. मिंग तो उचलून गल्ल्यात टाकायची नाही, शेजारच्या छोट्या देवघरापुढे ठेवायची, उदबत्ती आणि संत्र्यांपाशी.

तुम्हाला वाटेल मी मिंगला साधी भोळी समजतेय. तसं अजिबात नाही. एकदा तिच्या तोंडासमोर बंदूक धरून गल्ला नेलेला आहे, मी यायच्या आधीची गोष्ट. मागच्या दोन वर्षांत पुढची काच दोनदा फुटली, दुकान बंद असताना, लॉटरीच्या तिकिटांसाठी. दुसऱ्या वेळी महिनाभर तिथे प्लायवूड होतं आणि तो महिना आठवला की आजही माझ्या पोटात कालवतं, कारण बाहेरून दुकान उघडं आहे की बंद तेच कळायचं नाही आणि आतून तिला रस्ता दिसायचा नाही. त्या प्लायवूडवर तिच्या भाचीनं मोठ्या अक्षरांत ‘उघडं आहे’ लिहिलं होतं. रोकड जास्त, माणूस एकटं, वेळ आडनिडी, सगळं चोराच्या सोयीचं. नवी काच तिच्या पैशांची. कॅमेरे तिच्या पैशांचे. आम्ही सगळे म्हणतो, मिंगचं दुकान उघडं असतं म्हणून या कोपऱ्यावर रात्री बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्याची किंमत एकटी तीच का भरते? हा प्रश्न मी गावाच्या सभेत उभं राहून विचारला, तीन मिनिटं मिळतात तेवढ्यात. ऐकून घेतलं, लिहून घेतलं. पार्किंगमधले दोन दिवे बदलले गेले, तेवढं झालं. मी पुन्हा विचारणार आहे.

इथून जवळच सील बीच नावाच्या गावात २०१८ साली एक गोष्ट घडली, ती तेव्हा सगळ्या देशात गाजली. तिथलं डोनटचं दुकान एक कंबोडियन जोडपं चालवायचं. बाईंच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटून त्या आजारी पडल्या, नवरा एकटा दुकान बघू लागला. गिऱ्हाइकांनी पैसे गोळा करू का विचारलं, तर तो नको म्हणाला. बायकोजवळ बसायला वेळ मिळाला तर हवा, एवढंच त्याचं म्हणणं. मग लोक पहाटेपासून डझनांनी डोनट नेऊ लागले. सगळा माल सकाळीच संपायचा आणि तो दुकान बंद करून बायकोकडे जायचा. ते वाचून मी रडले होते. रात्रभर कोणी आपल्यासाठी दिवा लावून बसतं, त्याच्याकडे गाव असंही बघू शकतं.

मंगळवारच्या त्या गोष्टीनंतर तीन आठवडे मी दुकानात जात होते, खोकं घेत होते, आणि बोलायचं टाळत होते. शेवटी एका पहाटे कुणी नव्हतं तेव्हा म्हणाले, “मिंग, त्या दिवशी मी फोन करायला नको होता.” तिनं काठ्या ताटावर आडव्या ठेवल्या, हात पुसले. मला वाटलं होतं ती म्हणेल, असू दे, झालं ते झालं. ती म्हणाली, “तू माझ्यासाठी घाबरलीस. ते चांगलं.” मग थोडं थांबून, आपल्या तोडक्या इंग्रजीत, “पुढच्या वेळी आधी माझ्याकडे बघ.” आणि गल्ल्याजवळच्या एका कागदी पुडीकडे हनुवटी केली. पुडीत बटरमिल्क बार होता. ती रोज एक बाजूला काढून ठेवत होती.

मी त्या दिवशी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. हेच मला टोचत होतं, आणि तिनं ते माझ्याआधी ओळखलं होतं. मी त्या माणसाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, पत्ता सांगता यावा म्हणून काचेवरची उलटी अक्षरं वाचली. दोन पावलांवर ती बाई उभी होती, तिच्या चेहऱ्यावर भीती आहे की नाही एवढं बघायला किती वेळ लागला असता?

मेच्या शेवटी एकदा दोन मुलं आत आली. हुडी डोक्यावर, आवाज नाही, ओरडणं नाही, काचेवर थापा नाहीत. कपाटातलं काही बघतही नव्हती. एक दाराशी थांबला, एक देवघराच्या बाजूनं आत सरकायला लागला. मला काहीच वावगं वाटलं नसतं, खरंच सांगते. पण मी मिंगकडे बघितलं. तिचे दोन्ही हात काउंटरवर सपाट ठेवलेले होते. अकरा वर्षांत मी तिचे हात असे रिकामे पाहिले नव्हते. तिनं माझ्याकडे बघून पापण्या एकदा मिटल्या. मी फोन कानाला लावला आणि मोठ्यांदा पत्ता सांगायला लागले. मुलं एकमेकांकडे बघून बाहेर गेली आणि पार्किंगच्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीत बसून निघून गेली. पोलीस आठ मिनिटांत आले. त्यांतला एक मंगळवारचाच होता. मिंगनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली, आणि पेन घेऊन ब्लँकेटवाल्याचं नाव एका रुमालकागदावर लिहून दिलं. दिसला तर सांग, म्हणाली, ट्रे पुन्हा खालच्या फळीवर ठेवलाय. त्यानं तो कागद घडी करून खिशात घातला. जाताना कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकून त्यानं कॉफी संपवली, घाईघाईत, दाराकडे तोंड करून.

आता मी पाळी संपली की अर्धा तास तिथेच बसते. उजाडायला लागलं की समोरच्या काचेत आधी लाँड्रीची पाटी दिसायला लागते, मग रस्ता. सायकलवाला मुलगा जातो. साडेपाचला मिंग कालची पुडी उघडते, त्यातला बार मोडून मागच्या दाराशी पाखरांना टाकते, आणि नव्या ताटातला एक काढून पुडीत ठेवते. ब्लँकेट तिनं धुऊन आणलंय. ते पोत्यांवर, पुडीच्या वर दिसेल असं ठेवलेलं असतं.